आठव्या दिवसाची सकाळ

बाळ तीन दिवसांचं झालं त्या दुपारी मागच्या पडवीतून आवाज यायला लागला. दगडावर पातं घासल्याचा. सर्र. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा सर्र. मी बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर पडले होते, बाळ कुशीत होतं. बाजेखाली शेगडी होती, तरी माझे पाय गार पडले.

"ताई, दार लाव ना," मी म्हटलं.

माझ्या मोठ्या बहिणीनं, सिम्हाताईनं, दार लावलं. पण भिंत कुडाची होती, आवाज येतच राहिला.

"रोज लावतात का गं धार?" तिनं हळूच विचारलं.

"आठव्या दिवसापर्यंत रोज लावतील. मागच्या वेळीही लावली होती."

ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवून ती शेगडीतले निखारे सारखे करत बसली.

धार लावणारे माझे सासरे, हनोख पेझारकर, आमचे बाबा. अलिबागच्या दक्षिणेला खाडीकाठच्या त्या गावात आम्हा बेने इस्राएलांची तेव्हा तेवीस घरं होती. गाव अजून आम्हाला शनवारतेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणे, पण घाणे बंद होऊन जमाना झाला होता. बाबा तिथल्या सिनेगॉगचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. मोहेलही तेच. आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता करून त्याला नाव देतात. ती करणारा मोहेल. एक्केचाळीस वर्षांत पंचक्रोशीतल्या एकाही पोराचा आठवा दिवस बाबांनी चुकवला नव्हता. एकदा गौरीच्या दिवसांत खाडी चढली होती आणि तरवाला होडी काढेना, तर पिशवी डोक्याला बांधून बाबा पोहत पलीकडे गेले. हे लोक कौतुकानं सांगत. बाबा म्हणत, "त्यात काय? देवानं आठवा सांगितलाय, नववा नाही."

त्यांचं सगळंच असं. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचताना एका अक्षराचा उच्चार घसरला तर तेवढंच सुधारून पुढे जात नसत, सगळा उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचत, मग पंचवीस माणसं उभी का असेनात. शुक्रवारी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायला सूर्य बुडायची वाट पाहणं त्यांना चालत नसे. घड्याळ काढून दारात उभे राहत आणि मला आतून म्हणावं लागे, "लावला, बाबा."

ह्या बाळाच्या तीन वर्षं आधी माझा पहिला मुलगा झाला, रहमीम. आठव्या दिवशी बाबांनी त्याची सुंता केली. त्याचं रक्त थांबलं नाही. फडकी बदलली, राख लावली, अलिबागहून डॉक्टर आणला. अकराव्या दिवशी सकाळी तो माझ्या मांडीवर गेला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशीही नाही, त्यांच्या मुलाशी, माझ्या नवऱ्याशी, दानिएलशीही नाही.

त्यानंतर घरातले नियम वाढायला लागले. बाबांनी सगळ्या दारांच्या चौकटींवरच्या मेझुझा, म्हणजे वचन लिहिलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या, उतरवल्या आणि भिंगाखाली अक्षरन् अक्षर तपासलं. स्वयंपाकघराच्या दारावरच्या एकीत एका अक्षराला बारीक तडा सापडला. त्यासाठी ते तीन दिवस उपाशी राहिले. मग सोमवार-गुरुवारचे उपास सुरू झाले. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवायचा आमचा नियम, तरी सगळी भांडी पुन्हा उकळून घेतली. मला त्यांनी स्वतः कधी काही विचारलं नाही, पण शेजारच्या म्हातारीकडून निरोप आला की सूनबाई पाळीनंतरच्या स्नानाचे दिवस नीट मोजते ना. मी त्या दिवशी चुलीपाशी बसून रडले. दोष शोधत होते ते. शोधत शोधत माझ्यापर्यंत आले होते, असं मला वाटलं.

आणि आता दुसरा मुलगा. माझी आई नव्हती आणि सासूबाईही नव्हत्या, म्हणून बाळंतपणाला सिम्हाताई अहमदाबादहून आली होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी तिचंही बाळ गेलं होतं. आम्हाला एक पोस्टकार्ड आलं होतं: अहारोन तापानं गेला, देवाची मर्जी.

पाचव्या दिवशी सकाळी लंगोट बदलताना सेफ्टी पिन बाळाच्या मांडीला ओझरती लागली. नखाएवढा ओरखडा. मी बोट दाबून धरलं आणि सोडलं. रक्त आलं. पुन्हा दाबलं. ताईनं हळद आणून लावली. हळद भिजली. न्याहारी झाली, दुपारची अळिवाची खीर आली, तरी त्या ओरखड्यातून थेंब थेंब येतच होतं. मागच्या पडवीत पातं घासायला सुरुवात झाली तेव्हा ताईच्या हातातलं फडकं गळून पडलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "केतुरा, अहारोनला ताप नव्हता."

मला समजलंच नाही. "म्हणजे?"

"सुंता झाली आणि रक्त थांबलं नाही. दोन दिवस. तिसऱ्या सकाळी गेला. तुझ्या रहमीमसारखाच." ती कुजबुजत होती. "तिथल्या डॉक्टरनं ह्यांना सांगितलं की असा दोष आईच्या रक्तातून येतो. त्या दिवसापासून हे माझ्या खोलीत झोपत नाहीत. म्हणाले, बाहेर एक शब्द कळला तर तुला माहेरी सोडून येईन. माहेर तरी कुठलं? तू तेवढी आहेस."

"आणि रहमीम झाला तेव्हा तू गप्प राहिलीस?"

"मला काय माहीत तुझ्याही मुलाला... आम्हाला कळलं तेव्हा तो गेलेला होता."

"आणि आता? हा झाल्यावर?"

ती पुढे सरकली. माझ्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस. शपथ आहे तुला. हे परवा येतायत. संदाक म्हणून त्यांनाच बसवणार आहेत."

संदाक म्हणजे सुंतेच्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन बसणारा. तो मान बाबांनी ताईच्या नवऱ्याला, नाथन भाऊजींना दिला होता. नकार देण्याची सोय नव्हती, दिला असता तर कारण विचारलं असतं.

संध्याकाळी रक्त थांबलं. मी ते फडकं उशीखाली ठेवलं.

दोन दिवस मी बाळाला छातीपासून सोडलं नाही. सातव्या दिवशी दुपारी दानिएल आत आले. ते शाळामास्तर होते, गावात हुशार म्हणून नाव होतं, पण बापापुढे त्यांचा आवाज निघत नसे. मी ताईचं नाव न घेता सगळं सांगितलं. फडकं दाखवलं.

"ह्याचं रक्त थांबत नाही. उद्या नका करू. महिनाभर थांबा, मुंबईच्या डॉक्टरला दाखवू."

ते फडक्याकडे बघत राहिले. "पिनेनं एवढं यायचंच गं."

"दिवसभर?"

"बाबांना कोण सांगणार? आजारी मूल असेल तर थांबता येतं, पण हा पिवळा नाही, तापलेला नाही. बाबांनी काल पाहिला ना दारातून. ते म्हणाले, मूल धडधाकट आहे." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या वेळी बाबांचा हात चुकला असेल, केतुरा. माणूस आहे. तीन वर्षं बघतेस ना, किती जपतात. आता नाही चुकणार."

"आणि हात चुकलाच नसेल तर?"

ते उठून गेले. त्याच संध्याकाळी नाथन भाऊजी लाँचनं आले. पांढरा कोट, हातात चामड्याची बॅग. दारातूनच म्हणाले, "काय केतुरा, मुलगा छान आहे." ताई त्यांच्यामागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. नाही, म्हणून.

आठव्या दिवशी सकाळी पुढच्या ओटीवर सतरंज्या घातल्या. सिनेगॉगमधून सुंतेच्या वेळी मांडतात ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे आमच्या संदेष्ट्याची, खुर्ची आणली, तिच्यावर हिरवं रेशमी कापड घातलं. माणसं जमली. मला आतून आवाजांवरून कळत होतं कोण आलं ते. आशीर्वचनासाठी किसमिसच्या पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. ताईनं बाळाला नवं अंगडं घातलं. तिला बंद बांधता येईनात. शेवटी मीच बांधले.

"दे," दानिएल दारात येऊन म्हणाले.

मी दिलं. खरं सांगते, दिलं. इतकी वर्षं झाली, पण ते मी स्वतःच्या हातानं दिलं हे मला विसरता येत नाही. मुलगा ओटीवर गेला आणि सगळे पुरुष एका सुरात म्हणाले, येणाऱ्याचं स्वागत असो. मग शांत झालं. नाथन भाऊजी खुर्चीत बसल्याचा लाकडी आवाज झाला. बाबांनी आशीर्वचन सुरू केलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, एकेक अक्षर कोरल्यासारखा.

मग ते थांबले. का, ते मला माहीत होतं. पात्याची धार ते नखावर फिरवून पाहत असणार. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

मी बाजेवरून उतरले. आठ दिवसांची बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, पुरुषांसमोर यायचं नसतं. पण मी उंबरा ओलांडून ओटीवर गेले. बाळ भाऊजींच्या मांडीवर उघडं होतं. बाबांचा हात त्याच्यावर होता.

"बाबा, थांबा. ताईचा मुलगाही असाच गेला."

कुणीतरी "अगं" म्हटलं. दानिएल पुढे आले आणि माझा दंड धरला. बाबांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"काय म्हणालीस?"

"सिम्हाताईचा अहारोन. सुंतेनंतर रक्त थांबलं नाही. रहमीमसारखंच झालं. ताप नव्हता."

बाबांनी नाथन भाऊजींकडे पाहिलं. दोघांमध्ये बाळ होतं आणि ते हात-पाय हलवत होतं.

"नाथन, खरं आहे?"

भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. "नाही, हज्जान साहेब. ताप होता. बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं, तुम्हाला माहीत आहे. करा तुम्ही."

"ताप होता," बाबा म्हणाले.

"हो."

बाबा परत पात्याकडे वळले. मला वाटलं संपलं. मी दानिएलच्या हातातून सुटायला धडपडले. तेवढ्यात माझ्या मागून ताईचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"ताप नव्हता."

ती दारात उभी होती. नवऱ्याकडे पाहत नव्हती, बाबांकडे पाहत होती.

"सिम्हा, आत जा," भाऊजी म्हणाले.

"रक्त किती दिवस होतं?" बाबांनी विचारलं.

"दोन दिवस. तिसऱ्या सकाळी गेला."

"मोहेल कोण होता?"

"मोठ्या सिनेगॉगचे. तिथले सगळ्यात जाणते."

"जखम कशी होती? खोल होती?"

"नाही. डॉक्टर म्हणाले हाताचा दोष नाही. दोष माझ्या रक्तात आहे. माझ्या आणि हिच्या."

बाबांनी पातं फडक्यात ठेवलं आणि फडक्याची एक घडी घातली, दुसरी घातली. मग बाळाला भाऊजींच्या मांडीवरून उचललं आणि अंगड्यात गुंडाळलं.

"दोन बहिणींची दोन मुलं ह्यातून गेली तर तिसऱ्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "मी म्हणत नाही. आपल्या जुन्या हाखामांनी, जाणत्या पंडितांनी, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. मी स्वतः तो भाग पोरांना शिकवलाय."

शालोम काका तिथले सगळ्यात म्हातारे. ते काठी टेकत पुढे आले. "हनोख, आठवा दिवस आहे. नवरा एक सांगतोय, बायको एक. एका बाईच्या शब्दावर थांबणार?"

"माझ्या घरात मांस आणि दूध कधी एकत्र झालं नाही, हे मी कुणाच्या शब्दावर मानतो, काका? रोज जेवतो ते बाईच्या शब्दावरच जेवतो ना? मग हिच्या शब्दावर थांबतो."

"पण आज्ञा..."

"आठवा दिवस त्याची आज्ञा आहे. ही पण त्याचीच आहे. मला आवडते तेवढीच पाळायची नसते."

बाबांनी बाळाच्या कपाळावर हात ठेवून त्याला नाव दिलं, रफाएल. पेला उचलून आशीर्वचन म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काही न गाळता. मग बाळ माझ्याकडे दिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. नाथन भाऊजी जेवायला थांबले नाहीत. त्यांनी आपली बॅग भरली आणि ताईची ट्रंक होती तिथेच राहू दिली. जाताना अंगणातून तिला म्हणाले, "आता इथेच राहा." दुपारच्या लाँचनं ते गेले. सहा महिन्यांनी त्यांचं फारकतीचं पत्र आलं. ताई आमच्याकडे राहिली, मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, आणि एकतीस वर्षांनी माझ्याच घरात वारली. मी तिची शपथ मोडली होती. तिनं त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही, आणि मी तिची माफी मागितली तेव्हा "भाजी करपतेय बघ" म्हणून उठून गेली.

रफाएल जगला. सोपं नव्हतं ते. गुडघ्यात रक्त साकळायचं, रात्रंदिवस कण्हायचा. सतरा वर्षांचा असताना दाढ काढली आणि आठवडाभर मुंबईच्या इस्पितळात पडून राहिला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. सुंतेचं विचारून घेतल्यावर म्हणाले, ज्यानं कुणी थांबवली त्यानं ह्याला वाचवलं. गुडघा कायमचा आखडला, पण आज मी ठाण्यात त्याच्याच घरी बसून हे सांगतेय. तेरा वर्षांचा झाला तेव्हा सुंता झाली नाही म्हणून त्याला तोरा वाचायला बोलावण्यावरून कुरबूर झाली होती. बाबा तेव्हा फार थकले होते. त्यांनी उठून एवढंच विचारलं, "कुठल्या आज्ञेप्रमाणे अडवताय, ती दाखवा." कुणाला दाखवता आली नाही.

पण त्या दिवशीच्या दुपारचं राहिलं.

भाऊजी गेले, माणसं पांगली. ताई परसात जाऊन बसली होती. मी बाळाला पाजत होते तेव्हा बाबा दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर, माझ्याकडे पाठ करून बसले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोलायला म्हणून कधी असे बसले नव्हते.

"दानिएल म्हणतो, तू त्याला काल सांगितलं होतंस."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

मी बाळावरचा पदर सारखा केला.

"मी थांबलो नसतो असं वाटलं?"

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. बाहेर कोणीतरी सतरंज्या झटकत होतं.

"सूनबाई, ह्या घरात कुणालाच मी थांबेन असं वाटलं नाही. माझ्या मुलालासुद्धा. मी हे सगळं इतकं नेमानं करत होतो, आणि तुम्हाला वाटलं मी एका मुलाला मारीन, पण दिवस चुकवणार नाही."

मी विचारलं, "मग दारांवरची वचनं का उतरवलीत तीन वर्षांपूर्वी? भांडी, उपास, माझे दिवस... माझाच दोष शोधत होतात ना?"

"तुझा?" ते वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "माझा हात चुकला, असंच मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. मी शोधत होतो की दुसरं काही तरी सापडतं का. एखादं अक्षर, एखादं भांडं. काहीही. म्हणजे माझा हात नव्हता, असं म्हणता आलं असतं." ते थांबले. "आज त्या पोरीनं सांगितलं, हाताचा दोष नाही. तीन वर्षांनी. तिचं घर मोडलं तेव्हा."

बाळ पिता पिता झोपलं. मी त्याला खाली ठेवलं.

"एक विचारतो," बाबा म्हणाले. "रहमीम गेल्यापासून तू मला मनात काय म्हणत होतीस?"

"काही नाही, बाबा."

"सांग. आज सगळ्यांनी खरं सांगितलंय."

मी बाळाकडे बघत राहिले. मग सांगितलं.

"खाटीक."

ते रागावले नाहीत. भिंतीला हात टेकून उठले, उभे राहिले आणि परत खाली बसले.

"मीही," ते म्हणाले.